बाद फेरीतला डावा कोपरा

(विशेष प्रतिनिधी)

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर २०२५ ची रात्र. दिल्लीच्या त्यागराज संकुलात प्रो कबड्डी लीगच्या बाराव्या हंगामाचा अंतिम सामना शेवटच्या टप्प्यात आला होता. इकडे गिरगावात, फणसवाडीतील एका चाळीच्या सज्जात, दूरचित्रवाणी संचाभोवती जमलेल्या मंडळींत दोन तट पडले होते. वास्तविक मुंबईचा संघ केव्हाच गारद झालेला. समोर होते दबंग दिल्ली आणि पुणेरी पलटण. मुंबईकराने अशा वेळी पुण्याची बाजू घ्यावी की नाही, हा आपल्याकडचा जुनाच पेच. पण त्या रात्रीचा वाद शहरांवरून नव्हता. तो होता एका माणसावरून. दिल्लीच्या डाव्या कोपऱ्यात उभा असलेला तो इराणी खेळाडू याच मुंबईच्या संघाचा तीन हंगाम कर्णधार होता, आणि त्या तीन हंगामांत मुंबईला एकदाही चषक मिळाला नव्हता.

अखेरच्या क्षणांत पुण्याचा चढाईपटू आत आला आणि फझल अत्राचलीने त्याची पकड केली. दिल्लीने सामना ३१-२८ असा जिंकला. पुण्याच्या आदित्य शिंदेची चढायांतील झुंज व्यर्थ गेली. सज्जातील मंडळींनी टाळ्या वाजवल्या, नाही असे नाही. पण टाळ्या विरतात न विरतात तोच प्रश्न आला. हे आमच्याकडे असताना का जमले नाही?

प्रश्न साधा वाटतो. पण त्यामागे आरोप दडलेला आहे. फझल साखळी सामन्यांचा राजा, बाद फेरीत मात्र दडपणाखाली त्याचे हात सुटतात, असा तो आरोप. गिरगाव, परळ, लालबाग, दादर या पट्ट्यात तो गेली काही वर्षे इतक्या सहजपणे उच्चारला जातो की त्याची शहानिशा करण्याची गरजच कुणाला वाटत नाही. प्रस्तुत प्रतिनिधीलाही ती फार काळ वाटली नव्हती, हे प्रांजळपणे नमूद करायला हवे.

आरोपाला आधार नाही असे नव्हे. फझल पहिल्यांदा लीगमध्ये आला तो २०१५ साली, दुसऱ्या हंगामात आणि यू मुंबाच्याच पोशाखात. त्या वर्षी २३ ऑगस्टला वरळीच्या एनएससीआय संकुलात मुंबईने बेंगळुरू बुल्सला ३६-३० असे नमवून चषक जिंकला. फझल त्या विजेत्या संघात होता. पण तेव्हा तो कुणाच्या खिजगणतीत नव्हता, तो विजय अनुप कुमारचा मानला गेला. पुढे २०१६ च्या मध्यावर झालेल्या चौथ्या हंगामात पाटणा पायरेट्सने त्याला घेतले, पाटण्याने चषक जिंकला आणि फझल त्या हंगामाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. इथपर्यंत त्याच्या हातांविषयी कुणाला शंका नव्हती.

शंका सुरू झाली २०१७ पासून. गुजरात फॉर्च्युन जायंट्सने त्याला आणि अबोझर मिघानीला दोन कोपऱ्यांत उभे केले. इराणी पहाऱ्याच्या या जोडीने हंगामभर भल्याभल्यांना जेरीस आणले. पण २८ ऑक्टोबर २०१७ ला चेन्नईत अंतिम सामन्यात परदीप नरवालने चढायांत १९ गुण लुटले आणि पाटण्याने ५५-३८ असा विजय मिळवला. अंतिम सामन्यात ५५ गुण देणारा बचाव पोलादी कसा म्हणायचा?

मग आले मुंबईचे पर्व. २०१८ च्या लिलावात यू मुंबाने फझलसाठी एक कोटी रुपये मोजले. परदेशी खेळाडूला इतकी रक्कम लीगमध्ये त्यापूर्वी मिळाली नव्हती. सहाव्या हंगामात त्याने ८३ पकडगुण मिळवले आणि संघ ऐटीत बाद फेरीत गेला. तिथे पहिल्याच सामन्यात यूपी योद्धाने ३४-२९ असे हरवले. सातव्या हंगामात ८२ पकडगुण आणि सर्वोत्तम बचावपटूचा मान. पण १६ ऑक्टोबर २०१९ ला अहमदाबादेत उपांत्य सामन्यात बेंगाल वॉरियर्सने ३७-३५ अशी मात केली. बंगालचा हुकमी चढाईपटू मणिंदर सिंग दुखापतीमुळे त्या सामन्यात खेळलाही नव्हता, हे मुंबईकरांच्या अधिकच जिव्हारी लागले. आठव्या हंगामात संघ बाद फेरीपर्यंत पोहोचलाच नाही. मुंबईने त्याला सोडले, पुण्याने एक कोटी ३८ लाखांना घेतले. आणि १७ डिसेंबर २०२२ ला, त्याच वरळीत, ज्या संकुलात तो सात वर्षांपूर्वी विजेत्यांच्या बाकावर होता, तिथे पुण्याचा कर्णधार म्हणून जयपूर पिंक पँथर्सकडून तो २९-३३ असा पराभूत झाला. पुढे गुजरातने एक कोटी ६० लाख मोजले. फेब्रुवारी २०२४ मध्ये बाद फेरीच्या पहिल्या पायरीवरच हरियाणा स्टीलर्सने ४२-२५ असा धुव्वा उडवला.

पाच हंगाम, पाच बाद फेऱ्या, पाच पराभव. चाळीच्या सज्जातील माणूस एवढेच लक्षात ठेवतो आणि त्यात त्याचा दोषही नाही, कारण बाद फेरीत हरलेला प्रत्येक संघ शेवटी एका पराभवानेच घरी जातो.

परंतु वही नीट उघडली तर दुसरेच चित्र दिसते. २०१७ च्या अंतिम सामन्याआधी गुजरातने पहिल्या क्वालिफायरमध्ये बंगालला ४२-१७ असे चिरडले होते. समोरच्या संघाला चाळीस मिनिटांत अवघे १७ गुण, तेही बाद फेरीत. हा बचावाचा विजय नव्हता तर कशाचा होता? २०१९ मध्ये उपांत्य फेरीपूर्वी मुंबईने हरियाणाला ४६-३८ असे बाहेर काढले होते. २०२२ मध्ये पुण्याने उपांत्य सामना तमिळ थलैवाजविरुद्ध ३९-३७ असा खेचून आणला होता. आणि २०२५ मध्ये दिल्लीने पुण्याला दोनदा हरवले, आधी क्वालिफायरमध्ये बरोबरीनंतर टायब्रेकरमध्ये, मग अंतिम सामन्यात. म्हणजे २०१७ पासून फझलच्या संघांनी बाद फेरीचे दहा सामने खेळले. पाच जिंकले, पाच हरले. बाद फेरीत दोन तुल्यबळ संघ समोरासमोर आले की नाणेफेकीइतकाच हा हिशेब. ज्याला आपण दडपणाखाली मोडणारा म्हणतो, त्याच्या नावावर मोडण्याची आणि टिकण्याची उदाहरणे समसमान आहेत.

पाच पराभवांतील फरक पाहा : १७, ५, २, ४ आणि पुन्हा १७. दोन दारुण, तीन निसटते. निसटत्या तीन सामन्यांत दोन चढाया इकडच्या तिकडे झाल्या असत्या तर आज आपण या माणसाला बाद फेरीचा बादशहा म्हणत असतो. लोण चढला की दोन जादा गुण जातात. एकाच लोणात अहमदाबादचा तो सामना फिरला असता.

इथे कबड्डीच्या हिशेबातच असलेली एक खोट सांगायला हवी, कारण सारा वाद तिच्यावर उभा आहे. चढाईपटूचे काम वहीत दिसते. तो आत गेला, गुण घेऊन आला, नोंद झाली. कोपरारक्षकाचे निम्मे काम वहीत उतरतच नाही. तीस सेकंदांची चढाई आहे, चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकायला बघतो आहे, कोपऱ्यातला खेळाडू अर्धे पाऊल पुढे सरकून नुसता वाकतो आणि चढाईपटू पाय मागे घेऊन रिकाम्या हाती मध्यरेषेकडे परततो. या तीस सेकंदांत बचावाने बाजी मारली. पण कुणाच्याच नावापुढे काही लिहिले जात नाही. उलट त्याने झेप घेतली आणि ती चुकली, तर समोरच्याला गुण, हा स्वतः बाहेर, आणि वहीत 'अयशस्वी पकड' म्हणून ठळक डाग.

डाव्या कोपऱ्याची आणखी एक गोष्ट. चढाईपटूच्या उजव्या हाताला बचावाचा डावा कोपरा येतो. त्यामुळे उजवीकडून चढाई करणाऱ्याला फझलच्या अंगावरच जावे लागते. बाद फेरीची तयारी करताना कुठलाही शहाणा प्रशिक्षक पहिली सूचना देतो ती हीच, की डावीकडे जाऊ नका, उजवा कोपरा आणि मध्यरक्षक उघडे पाडा. मग सामन्यानंतर आपण म्हणतो, आज फझल दिसला नाही. तो दिसला नाही कारण त्याच्याकडे कुणी फिरकलेच नाही. आणि त्याच्या भीतीने मैदानाची एक बाजू बंद राहिली, हे त्याच्या खात्यावर कोण जमा करणार?

अर्थात, याचा अर्थ दडपण ही काल्पनिक वस्तू आहे असा नव्हे. ते असते, आणि बचावपटूवर ते चढाईपटूपेक्षा निराळ्या रीतीने येते. चढाईपटू चढाई रिकामी सोडू शकतो. सलग दोन रिकाम्या गेल्या की तिसरीत मात्र गुण आणणे भाग, नाहीतर तो बाद. म्हणजे धाडस केव्हा करायचे हे बऱ्याच अंशी त्याच्या हातात असते. बचावपटूला तशी मुभा नाही. त्याला समोरच्याच्या घड्याळावर जगावे लागते. संघ आघाडीवर असेल तर कोपरारक्षकाने थांबायचे असते, साखळी तुटू न देता चढाईपटूला तीस सेकंद नुसते नाचवायचे असते. संघ मागे असेल तर मात्र थांबून भागत नाही, गुण पकडीतूनच आणावे लागतात, आणि तिथे हात लवकर सुटतात. चढाईपटू अजून पुढे तोंड करून उभा आहे, दोन्ही पाय जमिनीवर आहेत, तोल त्याच्या ताब्यात आहे, आणि अशा वेळी कोपऱ्यातून झेप गेली की ती हुकणारच. जुने जाणते सांगत, कोपऱ्याने चढाईपटूचे तोंड पाहायचे नाही, पाय पाहायचा. तो परतीसाठी वळला, वजन एका पायावर आले की मग घोटा धरायचा. मातीच्या मैदानावर ही शिस्त आपोआप यायची, कारण चुकीच्या झेपेची किंमत गुडघे आणि कोपरे लगेच मोजत. मॅटवर झेप स्वस्त झाली आहे.

फझलवर खरा आक्षेप घ्यायचा तर तो इथे घेता येतो. त्याची शैलीच आक्रमक आहे. थांबून राहणे त्याच्या स्वभावात नाही. चढाईपटूला धाक बसावा म्हणून तो स्वतःहून अंगावर जातो. साखळीत पुष्कळ सामने असतात तेव्हा ही शैली फायद्याची ठरते, कारण चार हुकलेल्या झेपांची भरपाई पाच यशस्वी झेपा करतात आणि धाक राहतो तो वेगळाच. एका सामन्यावर सारे अवलंबून असते तेव्हा लागोपाठ दोन झेपा हुकल्या की कर्णधारच बाहेर बसतो आणि आत उरलेली पोरे पोरकी होतात. बाद फेरीसाठी कर्णधारपद कोपरारक्षकाला द्यावे का, हा प्रश्न प्रस्तुत प्रतिनिधीला फझलच्या धैर्यापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. पण तो संघव्यवस्थापनाने स्वतःला विचारायचा प्रश्न आहे. २०२५ च्या दिल्लीने त्याला कर्णधारपदाच्या ओझ्यातून मोकळे ठेवले. नेतृत्व आशू मलिककडे होते. फझलकडे फक्त त्याचा कोपरा होता.

दुसरीही बाजू आहे, आणि मुंबईच्या बाबतीत ती टाळता येणार नाही. सहाव्या हंगामात मुंबईच्या चढायांचा भार कोल्हापूरच्या चंदगडचा सिद्धार्थ देसाई वाहत होता. दोनशेहून अधिक चढाईगुण मिळवणारा हा तरुण पुढच्याच लिलावात एक कोटी ४५ लाखांना तेलुगू टायटन्सकडे गेला. मुंबईने त्याच्या तोडीचा चढाईपटू आणला नाही. तरीही फझलने बचावाच्या बळावर संघ उपांत्य फेरीत नेला आणि तिथे दोन गुणांनी हरला, तर दोष कोणाचा? ज्याने घर निम्मे बांधले त्याचा, की ज्याने छपराचे पैसे वाचवले त्याचा? २०२२ च्या अंतिम सामन्यात पुण्याचा अस्लम इनामदार जायबंदी होऊन बाहेर होता. ३३ गुण देणारा बचाव काही जगबुडी करीत नाही. त्या रात्री पुण्याला कमी पडले ते चढायांचे गुण.

देशाच्या पोशाखातही या माणसाला तपासता येते, आणि लीगपेक्षा मोठे दडपण तिथेच असते. २०१४ मध्ये इन्चॉनला आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इराण भारताकडून २५-२७ असा हरला. २०१६ मध्ये अहमदाबादच्या विश्वचषकात मध्यंतराला १८-१३ असे आघाडीवर असूनही अजय ठाकूरच्या चढायांपुढे २९-३८ अशी हार पत्करावी लागली. आपल्याकडे हे दोन सामने आवर्जून सांगितले जातात. जकार्ता मात्र विसरले जाते, कारण ते आपल्याला दुखते. १९९० पासून सलग सात आशियाई स्पर्धांत पुरुष कबड्डीचे सुवर्ण भारताबाहेर गेले नव्हते. २०१८ मध्ये उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७-१८ असे हरवले आणि मग कोरियाला नमवून सुवर्ण नेले. त्या सामन्यात भारतीय चढाईपटूंना १८ गुणांवर रोखणाऱ्या बचावाच्या डाव्या कोपऱ्यात फझलच होता. पाच वर्षांनी हांगझोऊच्या अंतिम सामन्यात कर्णधार म्हणून तो २९-३३ असा हरला. पवन सेहरावतच्या एका चढाईवरून पंचांच्या निर्णयात घोळ होऊन सामना बराच वेळ थांबला होता, हे वाचकांना आठवत असेल. त्या पराभवाचे खापर फझलच्या मनोबलावर फोडणे म्हणजे जरा अतीच.

शिक्के किती चंचल असतात याची दोन उदाहरणे हाताशी आहेत. त्याच इराणचा, त्याच डाव्या कोपऱ्यातला मोहम्मदरेझा शाडलू. २०२२ च्या फेब्रुवारीत पाटण्याकडून खेळताना त्याचा संघ अंतिम सामन्यात दिल्लीकडून ३६-३७ असा अवघ्या एका गुणाने हरला. पुढे पुण्याने त्याला दोन कोटी ३५ लाखांना घेतले आणि मार्च २०२४ मध्ये चषक जिंकला. मग तो हरियाणात गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये हरियाणानेही चषक जिंकला. आता शाडलू म्हणजे चषकाची हमी, असा बोलबाला झाला. बाराव्या हंगामासाठी गुजरातने दोन कोटी २३ लाख मोजून ही हमी विकत घेतली. गुजरात बाद फेरीतही पोहोचला नाही.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे. २०२२ मध्ये वरळीत फझलच्या पुण्याला हरवणाऱ्या जयपूरचा कर्णधार होता सुनील कुमार, तोही बचावपटू, मध्यरक्षक. मोठ्या सामन्याचा माणूस म्हणून त्याची कीर्ती झाली आणि २०२४ च्या लिलावात यू मुंबाने त्याच्यासाठी एक कोटीहून अधिक रक्कम मोजली. भारतीय बचावपटूला कोटीचा आकडा तेव्हा पहिल्यांदाच लाभला. त्यानंतर काय झाले? डिसेंबर २०२४ मध्ये बालेवाडीत मुंबई बाद फेरीत पाटण्याकडून २३-३१ अशी हरली. २०२५ मध्ये सुनीलच्या नेतृत्वाखाली पुन्हा बाद फेरीच्या उंबरठ्यावर, पुन्हा पाटण्याकडूनच हार. फझलवरचा आरोप जशाच्या तसा सुनीलच्या नावावर चढवायला फणसवाडीला आठवडाही लागला नाही. माणूस बदलला, शिक्का तोच राहिला. तेव्हा हा शिक्का माणसांचा आहे की मुंबईच्या संघबांधणीचा, याचा विचार एकदा व्हायला हवा.

हॉकीकडे क्षणभर वळले तर हेच दिसते. हरमनप्रीत सिंग हा बचावपटू. पण त्याचे मोजमाप होते ते पेनल्टी कॉर्नरवरच्या गोलांनी. जानेवारी २०२३ मध्ये घरच्या विश्वचषकात कर्णधार असताना स्पेनविरुद्ध त्याचा पेनल्टी स्ट्रोक अडला, न्यूझीलंडविरुद्ध भारत शूटआऊटमध्ये बाहेर पडला आणि दडपण झेपत नाही म्हणून गहजब झाला. १९ महिन्यांनी पॅरिसमध्ये त्याने १० गोल केले, स्पर्धेत सर्वाधिक. कांस्यपदकाच्या सामन्यात स्पेनविरुद्धचे दोन्ही गोल त्याचेच. मग तोच संकटमोचक झाला. गंमत अशी की या दोन्ही निवाड्यांत त्याच्या बचावाचा उल्लेखही नव्हता. ब्रिटनविरुद्धच्या उपान्त्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाल्यावर भारत चाळीस मिनिटांहून अधिक काळ दहा जणांनी खेळला. त्या चाळीस मिनिटांत हरमनप्रीत आणि इतर बचावपटूंनी काय केले ते किती जणांना आठवते? श्रीजेश आठवतो, आणि तो आठवायलाच हवा, पण बाकीचे?

हा वाद नुसत्या सज्जातील गप्पांपुरता राहता तर त्यावर एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. तो खाली झिरपतो, हे खरे दुखणे आहे. गिरगावपासून नायगावपर्यंत, लालबाग-परळच्या गल्ल्यांतून आजही स्थानिक स्पर्धा होतात. शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्या माणसांनी ज्या मुंबईत कबड्डीचे संघटन उभे केले, त्या मुंबईत अजूनही शाळकरी पोरे संध्याकाळी साखळी धरून उभी राहतात. या स्पर्धांतून पूर्वी वाट निघत असे ती नोकरीची. बँका, रेल्वे, विमान कंपनी, कारखाने यांचे संघ होते. उपांत्य फेरीत कोपरा राखणाऱ्या मुलाकडे कुणीतरी पाहत असे. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये खासगी झाली. व्यावसायिक गटातील नावे एकेक करून पुसली गेली, आणि लीगच्या युवा निवडीची दारे उघडली असली तरी ती अरुंद आहेत.

जागा कमी झाल्या की शिक्का महाग होतो. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराच्या दोन झेपा उपांत्य फेरीत हुकल्या की 'हा मोठ्या सामन्यात गळतो' हे वाक्य त्याच्या पुढे पुढे धावते. निवड समितीच्या टेबलावर ते त्याच्याआधी पोहोचते. चढाईपटूला निदान आपल्या बाजूने दाखवायला गुणांचा तक्ता असतो. कोपरारक्षकाकडे काय असते? स्थानिक स्पर्धेत उत्कृष्ट पकडीचे बक्षीस मिळते ते दिसलेल्या पकडीला. ज्या पोराने चढाईपटूला वीस वेळा रिकामे परत पाठवले त्याला बक्षीस देण्याची सोय कुठल्याच पत्रिकेत नसते. रिकाम्या चढायांची नोंद कोणाच्या बाजूला, कोणत्या कोपऱ्यात झाली, एवढे जरी गुणलेखकाने टिपायचे ठरवले तरी पुष्कळ फरक पडेल. लीगकडे यासाठी कॅमेरे आणि संगणक आहेत. गल्लीतल्या स्पर्धेत एक वही आणि एक लक्ष देणारा माणूस पुरतो.

हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर फझलची किंमतही फार शिकवणारी आहे. एक कोटी, एक कोटी ३८ लाख, एक कोटी ६० लाख अशी ती बाद फेरीतल्या पराभवांनंतरही चढतच गेली. म्हणजे ज्यांनी पदरचे पैसे मोजले, त्यांनी चाळीतला आरोप मनावर घेतला नव्हता. २०२४ मध्ये ती एकदम ५० लाखांवर उतरली ती वयामुळे. त्याच सुमारास पाचशे पकडगुणांचा टप्पा ओलांडणारा तो लीगमधला पहिला खेळाडू ठरला. बेंगाल वॉरियर्ससोबतचा तो हंगाम वाया गेला, संघ बाद फेरीत गेलाच नाही, आणि मग दिल्लीने त्याला घेतले. तेव्हा हा सौदा जाणकारांनाही भावनिक वाटला होता. तेहतीस वर्षांच्या कोपरारक्षकाकडून किती झेपांची अपेक्षा ठेवायची?

त्या रात्रीच्या शेवटच्या पकडीविषयी एक निरीक्षण नोंदवायला हवे. दिल्ली आघाडीवर होती. फझलला धावून जाण्याची गरज नव्हती, आणि तो धावून गेला नाही. गरज पुण्याची होती, घड्याळ पुण्याच्या विरुद्ध चालले होते. २०१९ च्या अहमदाबादेत हे सारे उलट होते. तेव्हा मुंबई मागे होती, गरज फझलची होती. दोन्ही रात्री माणूस एकच, हात तेच. फक्त गुणफलकाची दिशा वेगळी. 'तेव्हा जमले नाही, आता जमले' या वाक्याचा बराचसा उलगडा त्या फलकावरच होतो. उरलेला उलगडा कदाचित सहा वर्षांच्या अनुभवाचा असेल. पण तो कुठल्याही वहीत सापडणार नाही.

सज्जातील बैठक मोडता मोडता साडेदहा वाजून गेले होते. हे सगळे आकडे तिथे मांडून पाहिले. पाच-पाचचा हिशेब ऐकून घेतला गेला, मान्यही झाला. अहमदाबादला मुंबईच्या चढाया कमी पडल्या, हेही कबूल करण्यात आले. तेवढ्यात फझलच्या कट्टर टीकाकारांपैकी एका ज्येष्ठाने, पायात चपला सरकवत, नवा मुद्दा काढला. तो टिकतो, मान्य. पण समोर पुणे असले की टिकतो. त्यावर मात्र कुणीच हरकत घेतली नाही.